तळपदे बाईंचा शनिवार

तळपदे बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. तिच्यात त्यांना 'संरक्षणतज्ज्ञ' म्हटलं होतं. बाईंनी ती वाचली असती, तर पर्समधली पेन्सिल काढून त्या शब्दाखाली रेघ मारली असती आणि समासात लिहिलं असतं, 'कशावरून?'

हा त्यांचा शब्द. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत, सहकाऱ्यांच्या निबंधांत तो असेच. वाचनालयाच्या पुस्तकांतही असे, आणि त्याबद्दल ग्रंथपाल त्यांना अधूनमधून समज देत. दादरच्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली लागणाऱ्या सूचनासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी कॅन्टीन आठवडाभर बंद राहील', आणि खाली बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत: कशावरून?

मी तत्त्वज्ञान शिकवायचो. त्यांची खोली माझ्या शेजारी. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. आंतरराष्ट्रीय राजकारणातलं मला जे काही कळतं, ते बहुतेक त्या भिंतीवरून आलेलं आहे. देश एकमेकांशी युती का करतात, आणि प्रत्यक्ष वेळ आली की काही देश शब्द पाळतात, काही पाठ फिरवतात, असं का होतं, हा बाईंचा जन्मभराचा प्रश्न होता. रणगाडे, क्षेपणास्त्रं यांत त्यांना रस नव्हता. 'ती मोजणारे पुष्कळ आहेत,' असं म्हणायच्या.

कुठे लढाईची चिन्हं दिसली की वृत्तवाहिन्यांना बाईंची आठवण होई. एकदा त्या गेल्या. सूत्रसंचालकाने विचारलं, आता पुढे काय होणार? बाई म्हणाल्या, 'एवढ्यात सांगता येणार नाही.' त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं, आवाज न चढवता, जरा सावकाश, जणू त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. उरलेला कार्यक्रमभर कॅमेरा त्यांच्याकडे वळला नाही. दोन दिवसांनी गिरगावच्या बाजारात त्यांच्या नेहमीच्या कोळणीने त्यांना अडवलं. हा संवाद बाई आम्हांला नक्कल करून सांगत.

'बाय, टीवीवर दिसलीस गं. पन बोलली काय नाय.'

'बोलण्यासारखं काही नव्हतं.'

'मंग गेलीस कशाला एवढी नटून?'

'ह्याला म्हणतात परीक्षण,' असं म्हणून बाई मनापासून हसायच्या.

बाई पाठारे प्रभू. गिरगावात त्यांचं तीन पिढ्यांचं बिऱ्हाड. आजोबा सरकारी कचेरीत, वडील वकील. आई गेल्यावर त्या एकट्याच राहत. घरात माणसांपेक्षा कपाटं जास्त. बोलणं नेमकं, थोडं जुन्या वळणाचं. सगळ्यांना 'अहो', विद्यार्थ्यांना मात्र 'तू'. घरी बोलावलं की कोळंबीचं भानोलं खायला घालत. ते फार सुंदर करत, पण कृती विचारली की 'अंदाजाने' एवढंच सांगत. अंदाज हा शब्द त्यांनी स्वयंपाकघराबाहेर वापरलेला मी कधी ऐकला नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या युती म्हणजे काय ते एका प्रश्नाने शिकवत. माझा तास त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्गात असे, म्हणून दारात उभं राहून मी तो अनेकदा ऐकला आहे. 'तुमच्या मित्राला कुणी मारतंय. किती जण धावून जाल?' सगळे हात वर. 'आधी मित्रानेच मारलं असेल तर?' निम्मे हात खाली. 'मित्राने मारलं, आणि मारण्याआधी तुम्हांला विचारलंच नाही. आता?' बहुतेक सगळे हात खाली येत. मग बाई फळ्याकडे वळून शिकवायला लागत.

एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात खाली घेतलाच नाही. बाईंनी कारण विचारलं.

'मॅडम, आमच्या लालबागला आधी धावतात. विचारायचं ते नंतर घरी नेऊन विचारतात.'

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. 'नाव काय तुझं?'

'सायली घाडी.'

'घाडी, उद्यापासून पहिल्या बाकावर बस. तुझ्याशी मला भांडायचंय.'

हे भांडण त्या मुलीच्या पीएच.डी.पर्यंत चाललं. सायलीचे आजोबा गिरणीत होते, वडील शिवडीला गोदामात. घरात मालवणी, वर्गात मराठी, लिहायचं इंग्रजीत. बाईंच्या हाताखाली ती शिकली आणि पुढे त्यांच्याकडेच संशोधन करू लागली.

इथे बाईंच्या सिद्धांताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तरुणपणी त्यांनी निरनिराळ्या देशांच्या दप्तरखान्यांत बसून मित्रराष्ट्रांच्या बैठकांची इतिवृत्तं वाचली होती. मोठ्या शिखर परिषदांची नव्हे, खालच्या अधिकाऱ्यांच्या कंटाळवाण्या, नेहमीच्या बैठकांची. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की युती टिकते ती तहातल्या कलमांमुळे नाही. दोन्ही बाजू लहानसहान गोष्टींतसुद्धा एकमेकांना आधी विचारतात, त्यामुळे टिकते. विचारण्याची सवय हाच खरा तह. या एका विचारावर त्यांचं पुस्तक उभं होतं. ते पुष्कळ ठिकाणी शिकवलं जाई. परदेशातले अभ्यासक मुंबईत आले की बाईंना भेटायला गिरगावात जिने चढून येत.

आणि बाईंचा शनिवार. शनिवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचं चर्चासत्र असे. त्याचा एक नियम होता. ज्याने निबंध लिहिला, त्याने तो मांडायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो वाचून, समजून, लेखकाच्या बाजूने मांडायचा, आणि लेखकाने समोर गप्प बसायचं. मांडून झालं की बाई लेखकाला विचारत, 'हे तुझंच आहे का?' तो 'हो' म्हणाला तरच चर्चा सुरू. 'नाही' म्हणाला तर मांडणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून. 'समोरच्याचं म्हणणं त्याला आपलं वाटेल असं मांडता येत नसेल,' बाई सांगत, 'तर त्याच्याशी भांडायचा तुम्हांला हक्क नाही. मैत्री करायचा तर नाहीच.'

एकदा बाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. त्यांचा निबंध एम.ए.चा एक मुलगा मांडत होता. सरांना राहवेना. ते मध्येच म्हणाले, 'छे, छे, मला असं म्हणायचंच नव्हतं.' बाई शांतपणे म्हणाल्या, 'सर, तुम्ही अजून आलेला नाहीत.' ते बसले. शेवटी मात्र त्यांनी कबूल केलं की मुलाने मांडलेला निबंध मूळ निबंधापेक्षा बरा होता.

सायलीने प्रबंधाचं चौथं प्रकरण बाईंना दिलं, त्यानंतरचे काही दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. बाई शिकवून येत, दार लावून बसत. मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

'सामंत, हे वाचा. घाडी बरोबर आहे का, तेवढं सांगा.'

'मला तुमच्या विषयातलं काय कळतं?'

'म्हणूनच. विषयातल्या माणसांना मी कळते.'

मी घरी नेऊन वाचलं. सायलीचा मुद्दा इतका साधा होता की तो आजवर कुणाला कसा सुचला नाही, याचंच आश्चर्य वाटावं. बैठकांची इतिवृत्तं कुणाची उरतात? ज्या युती पुष्कळ वर्षं टिकल्या, त्यांची. ज्या चटकन मोडल्या त्यांची कचेरीच बंद होते, कागद फेकले जातात, जाळले जातात, कुणाच्या तरी माळ्यावर कुजतात. बाईंनी दप्तरखान्यांत जे वाचलं ते टिकलेल्यांचंच होतं. म्हणजे टिकलेल्या युतींत विचारपूस होती एवढंच त्यांना दिसलं होतं. मोडलेल्यांतही ती तितकीच असेल, तर? सायलीने वर्तमानपत्रं, आठवणी, तिसऱ्याच देशांच्या वकिलातींचे अहवाल असं आडवाटेने शोधून मोडलेल्या काही युती गोळा केल्या होत्या. त्यांतही लोक एकमेकांना विचारत होते. काही तर विचारत राहिले ते फक्त वेळ काढण्यासाठी, मित्र पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की मला तर्कात कुठे भोक दिसलं नाही.

'हं,' बाई म्हणाल्या. त्यांनी प्रकरणाची पानं टेबलावर आपटून सारखी केली. 'मी तिथे महिनोन्महिने बसले होते, सामंत. समोर फायली. या फायली इथे का आहेत, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.'

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत असताना सायली आली. मला पाहून ती परत निघाली होती. बाईंनी बसवलं.

'मॅडम, मी विचार केला,' ती म्हणाली. 'तुमच्या पुस्तकाचं मी तळटीपेत टाकते. मुख्य मजकुरात फक्त माझ्या केसेस ठेवते.'

'का?'

'असंच. बरं दिसत नाही.'

'मला तळटीपेत पुरू नकोस, घाडी. पुरायचंच असेल तर मोठ्या टायपात पूर.'

सायली खाली बघून हसली. पण तिने ते सौम्य केलंच. शनिवारी चर्चासत्रासाठी वाटलेल्या मसुद्यात बाईंचा उल्लेख एकदाच होता, तोही 'काही अभ्यासकांच्या मते' या शब्दांच्या आड.

त्या शनिवारी प्रश्न पडला की हे मांडणार कोण. बाईंसमोर बाईंना खोडून काढणारं प्रकरण मांडायला कुणी तयार होईना. सगळ्यांना एकदम घसा दुखणं, मसुदा न मिळणं असलं काहीतरी झालं होतं. शेवटी बाई स्वतः उठल्या.

मी तो तास विसरणार नाही. त्यांनी सायलीचा मसुदा हातात धरला होता, पण त्यात बघितलं नाही. आधी त्यांनी स्वतःच्या पुस्तकातला युक्तिवाद सांगितला, नाव घेऊन. मग त्याच्या खालची एकेक वीट काढली. आवाज नेहमीचाच, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतानाचा. जे सायलीने आडून म्हटलं होतं ते त्यांनी सरळ म्हटलं. जिथे 'कदाचित' होतं तिथे 'कदाचित' काढून टाकलं. संपल्यावर पाणी प्यायल्या आणि विचारलं, 'हे तुझंच आहे का?'

सायली उभी राहिली. 'नाही मॅडम. मी एवढं कडक नाही म्हटलंय.'

'मग पुन्हा मांडू? कमी करून?'

सायलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

'नको,' ती म्हणाली.

ही गोष्ट लगेच पसरली. स्टाफरूममध्ये जो तो बाईंच्या मोठेपणाबद्दल बोलत होता. बाई ते ऐकून वैतागत. 'चूक सापडली, सांगितली. यात मोठेपणा कसला? लपवली असती तर चोरी झाली असती.' पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला प्रकाशक मागे लागला होता, त्याला त्यांनी 'नाही' असं कळवलं.

पण मग एक विचित्र गोष्ट झाली. प्रबंध पूर्ण होत आला, आणि बाई त्यावर सही करीनात.

रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. ठरलेल्या तारखेच्या आत प्रबंध सादर झाला असता तर सायलीला अर्ज करता आला असता. घरात तिची एकटीचीच मिळकत होती. वडिलांचं गोदाम बंद पडलं होतं. बाईंनी चौथ्या प्रकरणातल्या एका उदाहरणावर बोट ठेवलं आणि त्यावरून हटल्या नाहीत. दोन वेळा प्रकरण परत दिलं. कॉलेजात लोक आता वेगळं बोलू लागले. शनिवारचं नाटक होतं, खरा राग आता निघतोय, असं.

सायली माझ्याकडे आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

'सर, तुम्ही सांगा त्यांना. एक केस आहे हो फक्त. काढली काय, ठेवली काय. बाबा विचारतात, तुझी मॅडम नक्की कोणाच्या बाजूला आसा? मी काय सांगू?'

मी बाईंकडे गेलो. जरा चिडूनच गेलो होतो. बाईंनी मला बोलू दिलं.

'ती युती नव्हतीच,' त्या मग म्हणाल्या. 'दोन देशांनी बोलत राहायचं एवढंच ठरवलं होतं. मदतीचा शब्द कुणीच कुणाला दिला नव्हता. घाडीने ती धरली, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. मी जे केलं तेच ती करतेय. हाताला लागलं ते घेतेय.'

'पण त्या एका उदाहरणाने काय फरक पडतो?'

'परीक्षक म्हणेल, गाइडने मोठ्या मनाने जाऊ दिलं. माझ्या मोठ्या मनावर मिळालेली पदवी तिने आयुष्यभर का वागवायची?'

मी काहीसं धीट होऊन विचारलं, 'आणि यात राग अजिबात नाही?'

त्यांनी चष्मा काढला. 'असेल. मला आतून तपासता येत नाही. म्हणून तर म्हणते, तुम्ही ते उदाहरण वाचा.'

मी वाचलं. बाईंचं बरोबर होतं. मी तसं सायलीला सांगितलं. ती म्हणाली, 'बरं.' तिने ते उदाहरण काढलं, त्याच्या आधाराने उभी असलेली पानं नव्याने लिहिली. तोवर रत्नागिरीची तारीख उलटून गेली होती.

तोंडी परीक्षा चांगली झाली. परीक्षकांनी नेमकं चौथ्या प्रकरणावर धरलं आणि कुठेच फट सापडली नाही, तेव्हा अभिनंदन केलं. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. चहाच्या वेळी सायलीने त्यांना वाकून नमस्कार केला. बाई तिला काहीतरी म्हणाल्या. ती 'येते मॅडम' म्हणून निघाली आणि त्यानंतर शनिवारी आली नाही. परळच्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होती, एवढं कळलं.

बाई निवृत्त झाल्यावरही शनिवारचं चर्चासत्र चालू होतं. कॉलेजने खोली दिली होती. मी जाऊन बसायचो. दारात पाऊल वाजलं की बाई वाक्य न थांबवता एकदा तिकडे बघत. सिद्धांत गेल्याचं त्यांना पचलं होतं. सायली येत नाही, हे पचलं नव्हतं. एकदाच त्या मला म्हणाल्या, 'ती नोकरी गेली, ते माझ्यामुळे. माझं चुकलं नव्हतं आणि माझ्यामुळे गेली. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याचं काय करायचं ते सांगा. तत्त्वज्ञान शिकवता ना?'

मग आजार. उपचार परळच्या रुग्णालयात. शनिवार थांबला. बाईंनी कुणाला कळवू नका असं बजावलं होतं. मी ते बाकी सगळ्यांबाबत पाळलं आणि सायलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. कुठला वॉर्ड, तेवढं विचारलं. 'बघते सर,' म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बघते'चा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना. बाईंना मी काहीच बोललो नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी मोसंबी घेऊन गेलो. वॉर्डच्या दाराशीच मला आवाज ऐकू आला. सायलीचा, आणि चढलेला. मी पडद्याआड थांबलो. ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसली होती. बाई उशांना टेकून, खूप बारीक झालेल्या, डोक्याला सुती रुमाल. अंगावरचं पांघरूण सरकलं होतं, तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

'मोडलेल्या युतींचे कागद नसतात, असं तू लिहिलंस,' बाई म्हणत होत्या. श्वास पुरत नव्हता, म्हणून शब्द सुटे सुटे येत होते. 'अर्धंच आहे ते. जो सोडून जातो तो कागद ठेवत नाही. ज्याला सोडलं, तो ठेवतो. त्याला दुसरं काय असतं? त्याच्याकडे जाऊन शोध.'

'मॅडम, ह्याला काय आधार? की इथे पडल्या पडल्या सुचलं?'

'सुचलंय.'

'मग मी नाय लिहून घेणार.'

'नको घेऊस. खोडून दाखव.'

'दाखवते की. तुमच्या एका तरी केसमध्ये सोडून जाणाऱ्याने फाइल ठेवली असेल ना? असेल. ती सापडली की संपलं तुमचं.'

'कुठे असेल?'

सायली बोलायला लागली. पलीकडच्या खाटेजवळून नर्सने 'हळू, हळू' केलं. दोघींनी एकदम मान हलवली आणि आवाज जेमतेम एक पट्टी खाली आला. बाईंनी उशीवरून पाठ थोडी उचलली, नीट ऐकू यावं म्हणून. मध्येच त्यांनी बोट वर केलं. सायली थांबली नाही. बाईंनी बोट तसंच धरून ठेवलं, आपली पाळी येईपर्यंत.

मी मोसंब्यांची पिशवी नर्सच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो.